पिस्तुलाला कंपेन्सेटर लावला की झटका खरंच कमी होतो का? उत्तर बोअर बघून बदलतं

दिवाळीला बार्शीटाकळीला घरी गेले होते. रात्री जेवणं झाली, काका ओट्यावर बसले होते आणि मावसभाऊ कोपऱ्यात मोबाईल आडवा धरून बीजीएमआय खेळत होता. मध्येच त्याने मला एक रील दाखवली. एक अमेरिकन माणूस पिस्तुलातून धडाधड गोळ्या झाडतोय आणि पिस्तूल जागचं हलत नाही. नळीच्या तोंडाला एक छोटा चौकोनी ठोकळा लावलेला, त्याला वरून भोकं.

"ताई, हे काकाच्या रिव्हॉल्वरले लावता येते का? झटकाच नाही लागत मन्ते."

काकांकडे परवान्याची .३२ रिव्हॉल्व्हर आहे. घर शेतात, आजूबाजूला वस्ती नाही, म्हणून घेतलेली. बहुतेक वेळ ती कपाटात असते आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते. काका हसले. पण मग म्हणाले, "अकोल्यात लेथवर करून देतात का तसं?"

इथे मी फोन बाजूला ठेवला. कारण या प्रश्नात दोन प्रश्न होते. एक विज्ञानाचा आणि एक थेट तुरुंगात नेणारा. दोन्हीची उत्तरं शोधली, ती ही.

आधी, हा कंपेन्सेटर असतो काय?

बीजीएमआय खेळणाऱ्यांना हा शब्द पाठ आहे. एम४१६ सापडली की आधी कंपेन्सेटर शोधायचा, मग बाकी सगळं. गेममध्ये तो लावला की बंदूक वर-खाली आणि डावी-उजवीकडे कमी उडते, आणि त्याचा तोटा काहीच नसतो. खऱ्या आयुष्यात असं फुकट काही मिळत नाही.

चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते आणि तिचा वायू होतो. तो वायू गोळीला पुढे ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने बंदूक मागे येते. दहावीच्या पुस्तकात इथपर्यंत असतं. पण मागे येणाऱ्या या धक्क्यात दोन हिस्से असतात हे आपण विसरतो. एक हिस्सा गोळीचा. दुसरा गोळीच्या मागोमाग नळीतून सुसाट बाहेर पडणाऱ्या वायूचा. हा वायू गोळीपेक्षा वजनाने खूप हलका, पण वेगाने तिच्या पुढचा.

आता पिस्तूल हातात कसं धरतो ते बघा. नळी वर, मूठ खाली. म्हणजे धक्का हाताच्या रेषेच्या वरून मागे येतो आणि मनगट हा खिळा धरून पिस्तूल वरच्या बाजूला उचकतं. गोळी झाडल्यावर पिस्तुलाचं तोंड आभाळाकडे जातं ते यामुळे.

कंपेन्सेटर नळीच्या तोंडाशी बसतो. गोळी त्याच्यातून सरळ निघून जाते, पण मागचा वायू त्याच्या भिंतीला आदळून वरच्या भोकांतून बाहेर पडतो. वायू वर गेला की नळीचं तोंड खाली दाबलं जातं. उचकणं कमी होतं. मझल ब्रेक नावाचा त्याचा एक भाऊ आहे, तो वायू बाजूला किंवा थोडा मागे सोडतो आणि मुख्यतः मागे येणारा धक्का कमी करतो. तो रायफलींवर आणि तोफांवर जास्त दिसतो. तिसरा प्रकार म्हणजे वेगळा ठोकळा न लावता नळीलाच भोकं पाडणं. ग्लॉक कंपनीची १७सी, १९सी ही अशी पिस्तुलं आहेत.

यातली कळीची गोष्ट अशी की कंपेन्सेटर काम करतो तो फक्त वायूवर. गोळीमुळे आलेल्या धक्क्याला तो हातही लावू शकत नाही. म्हणून कोणत्या बोअरला तो उपयोगी, याचं उत्तर एका साध्या प्रश्नात आहे: या काडतुसात गोळीच्या मानाने दारू किती आणि वायूचा दाब किती?

जास्त झटका म्हणजे जास्त फायदा, असं नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. .४५ ची गोळी मोठी, तिचा धक्का मोठा, मग तिलाच कंपेन्सेटरची गरज जास्त, असं वाटतं. गरज असेलही. पण .४५ एसीपी हे काडतूस १९०० च्या दशकात तयार झालं तेच जड गोळी आणि कमी वेग या हिशोबाने. तिची नेहमीची गोळी २३० ग्रेन म्हणजे जवळपास १५ ग्रॅमची असते आणि तिच्यामागे दारू असते जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. म्हणजे गोळीच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांच्या मानकानुसार तिचा कमाल दाब २१,००० पीएसआय. (पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा दाब. गाडीच्या टायरात ३०-३५ असतो, यावरून अंदाज घ्या.)

९ एमएमचं बघा. गोळी साधारण साडेसात ते आठ ग्रॅम, दारू .४५ इतकीच, आणि कमाल दाब ३५,००० पीएसआय. गोळी अर्धी, दारू तेवढीच, दाब दीडपटीहून जास्त. साहजिकच कंपेन्सेटरला काम करायला इथे जास्त माल मिळतो.

.३५७ मॅग्नम आणि .४४ मॅग्नम ही दांडगी रिव्हॉल्व्हर काडतुसं. त्यांच्या पूर्ण ताकदीच्या भरणीत दारूचं वजन गोळीच्या दहा टक्क्यांपर्यंत जातं. .४४ मध्ये दीड ग्रॅम दारू आणि साडेपंधरा ग्रॅमची गोळी. दाब ३५-३६ हजार. इथे वायूचा धक्क्यातला वाटा इतका असतो की नळीच्या तोंडाशी भोकं पाडली तर बंदूक धरणाऱ्याला फरक लगेच जाणवतो. .४४ चा धक्का ज्यांनी सोसलाय त्यांना तो फरक पैसे मोजण्यालायक वाटतो, आणि मला वाटतं ते बरोबर आहेत.

१० एमएम ऑटो त्याच रांगेत येतं, कमाल दाब ३७,५००. .४० एस अँड डब्ल्यूचा दाब ९ एमएमइतकाच, पण गोळी जड. त्यामुळे फायदा आहे, पण डोळे दिपवणारा नाही.

आणि आता छोटी बोअर. .२२ एलआरची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर. पिस्तुलाचं वजन एक किलोच्या पुढे असेल तर धक्का असतोच कुठे? काडतुसातली दारूही चिमूटभर, ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आत. कंपेन्सेटर लावून जो काही फरक पडतो त्यातला बराचसा त्या ठोकळ्याच्या वजनाचा असतो. पुढे वजन आलं की नळी कमी उचकते. तेवढ्यासाठी भोकं कशाला हवीत?

.३२ एसीपी आणि .३८० एसीपी ही खिशात मावणाऱ्या पिस्तुलांची काडतुसं. दोन्हींचा दाब २०-२१ हजारांच्या घरात. ही पिस्तुलं हाताला लागतात हे खरं. पण ती लागतात कारण पिस्तूल हलकं आणि मूठ अपुरी असते, करंगळीला जागाच नसते. त्यावर इलाज म्हणजे मोठी मूठ. वायूचा खेळ नाही.

मग काकांच्या .३२ रिव्हॉल्व्हरचं काय?

आपल्याकडे परवानाधारक नागरिकाच्या हातात जी रिव्हॉल्व्हर दिसते ती बहुतेक .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाची. कानपूरच्या सरकारी कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनतेय. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेली टायटॅनियम मिश्रधातूची 'निर्भीक' हीच, आणि २०२३ मध्ये आलेली 'प्रबळ'ही हीच. ९ एमएम हे सैन्य-पोलिसांचं काडतूस असल्याने ते 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं आणि साध्या परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे रीलमध्ये दिसणारी ९ एमएमची कंपेन्सेटरवाली पिस्तुलं आणि बार्शीटाकळीतली .३२ यांची तुलनाच होत नाही.

.३२ लाँग हे १९ व्या शतकातलं शांत काडतूस आहे. सहा-साडेसहा ग्रॅमची गोळी, दारू ग्रॅमचा सातवा हिस्सा, वेग आवाजापेक्षा बराच कमी. दारू-गोळीचं प्रमाण .४५ सारखंच, दोन-सव्वादोन टक्के. शिवाय रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात एक बारीक फट असते, थोडा वायू तिथूनच निसटतो. तोंडापर्यंत पोचणारा वायू आणखी कमी. म्हणजे आधीच अर्धा पेला, त्याला वर भोक.

हेच काडतूस जगातले उत्तम नेमबाज २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात वापरतात, आणि वापरतात ते याच कारणासाठी की त्याला झटका कमी आहे. ज्या काडतुसाची निवडच झटका कमी म्हणून होते, त्याचा झटका कमी करायला आणखी एक वस्तू विकत घेणं म्हणजे काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

"पण मले तं लागतो झटका," काका म्हणाले. लागणारच. वर्षाला ठरावीक काडतुसं मिळतात, त्यातली बरीचशी वापरलीच जात नाहीत. हात सरावलेला नाही, मूठ सैल, आणि धडाका होणार या भीतीने चाप ओढायच्या आधीच मनगट आखडतं. नेमबाजीचे प्रशिक्षक याच सवयीशी सगळ्यात जास्त झगडतात. त्याला औषध म्हणजे रिकाम्या बंदुकीने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, केलेला सराव. फुकट आणि कंटाळवाणा.

कंपेन्सेटरने नेम सुधारतो का?

पहिल्या गोळीचा नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. पिस्तूल डोळ्यांना दिसेल इतकं उचकतं तोवर गोळी केव्हाच गेलेली असते. कंपेन्सेटर तर गोळी निघून गेल्यावर कामाला लागतो. त्याचा सगळा उपयोग पुढच्या गोळीसाठी आहे. नळी कमी उचकली की नेम लवकर जागेवर येतो आणि दुसरी गोळी लवकर झाडता येते.

म्हणजे प्रश्न असा होतो की तुम्हाला दुसरी गोळी किती लवकर झाडायची आहे?

याचं सुंदर उदाहरण आपल्या कोल्हापूरचं आहे. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबँगला २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या स्पर्धकाचे ३४-३४ गुण झाले होते, शूट-ऑफमध्ये निकाल लागला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात पुण्याच्या अनिसा सय्यदने सुवर्ण घेतलं होतं आणि जोडीच्या स्पर्धेत या दोघींनी मिळून.

या प्रकारात पिस्तूल .२२ चं असतं. रॅपिड टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं, त्यात एकच गोळी झाडायची, मग सात सेकंद हात खाली. पुन्हा तीन सेकंद, पुन्हा एक गोळी. म्हणजे झटक्यातून सावरायला सात सेकंद मिळतात. इथे कंपेन्सेटरने काय साधणार? आणि समजा काही साधलंच असतं तरी तो लावता आला नसता. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांत २५ मीटरच्या पिस्तुलांना मझल ब्रेक, कंपेन्सेटर, भोकं पाडलेली नळी किंवा तसं काम करणारी कोणतीही वस्तू चालत नाही.

पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये मात्र गोष्ट वेगळी. पाच लक्ष्यं, पाच गोळ्या, आणि वेळ आधी आठ सेकंद, मग सहा, मग चार. चार सेकंदांत पाच गोळ्या म्हटल्यावर नळी किती उचकते याला महत्त्व येतं. पूर्वी या प्रकारात .२२ शॉर्ट नावाचं आणखी मवाळ काडतूस आणि भोकं पाडलेल्या नळीची खास पिस्तुलं वापरायचे. ती इतकी शांत असायची की गोळी सुटली हे आवाजावरूनच कळावं. २००५ पासून नियम बदलले, .२२ एलआर आणि साधी नळी सक्तीची झाली. सगळ्यांची महागडी पिस्तुलं एका रात्रीत निकामी. तरीही २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सैन्यदलाच्या विजय कुमारने याच प्रकारात रौप्य जिंकलं, कंपेन्सेटरशिवाय.

झटक्यावर मात करायची नेमबाजांची धडपड जुनी आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला सोव्हिएत नेमबाज एक विचित्र पिस्तूल घेऊन गेले होते. त्याची नळी वर असायच्या ऐवजी खाली, थेट हाताच्या रेषेत. धक्का सरळ मागे यायचा, उचकणं जवळपास नाही. कल्पना अफलातून होती. पुढे नियम करून तिला स्पर्धेबाहेर काढलं.

गंमत अशी की ज्याला झटका जवळपास नसतोच त्या १० मीटर एअर पिस्तुलाला भोकांची नळी चालते. मनू भाकरने पॅरिसमध्ये पदक जिंकलं तो हा प्रकार. अर्धा ग्रॅमचा छर्रा, दारू नाही, दाबलेली हवा. तिथे भोकांचं मुख्य काम छर्ऱ्यामागची हवा बाजूला काढणं, म्हणजे छर्रा निघताना तिने त्याला हेलकावा देऊ नये. पॅरिसनंतर पोरांना एअर पिस्तूल घेऊन देणारे पालक वाढलेत. त्यांना एक सांगणं: चांगल्या एअर पिस्तुलात हे सगळं कारखान्यातूनच येतं. वेगळं काही विकत घ्यायची गरज नसते. ते पैसे छर्रे, बूट आणि रेंजची फी यात घाला.

मग हे विकत घेतं कोण?

मुख्य गिऱ्हाईक आयपीएससी नावाच्या क्रीडा प्रकाराचं. धावत, वळत, दाराआडून लक्ष्यं टिपायची, आणि गुण भागिले वेळ. तिथे सेकंदाचा दहावा हिस्साही मोजला जातो. त्यातल्या 'ओपन' गटात कंपेन्सेटर चालतो, प्रॉडक्शन आणि स्टँडर्ड गटात नाही.

या खेळात एक मजेशीर नियम आहे. काडतूस किती जोरदार आहे हे 'पॉवर फॅक्टर'वर ठरतं: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फुटांत, भागिले हजार. ओपन गटात हा आकडा १६० च्या वर गेला की तुम्ही 'मेजर', कडेला लागलेल्या गोळीलाही जास्त गुण. आता १६० गाठायचे दोन मार्ग. जड गोळी सावकाश, किंवा हलकी गोळी भरपूर दारू घालून जोरात. कंपेन्सेटरवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. १९८० च्या दशकात अमेरिकेतले अव्वल स्पर्धक .४५ सोडून .३८ सुपरकडे वळले ते या कारणाने. आठ ग्रॅमची गोळी आणि अर्ध्या ग्रॅमहून जास्त दारू. गोळीसाठी तेवढी दारू लागतेच असं नाही, जास्तीचा वायू कंपेन्सेटर चालवायला कामी येतो. काडतूस कंपेन्सेटरसाठी निवडायचं, उलटं नाही. बोअरनिहाय फायद्याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडला नाही.

अलीकडे अमेरिकेत कमरेला लावायच्या छोट्या ९ एमएम पिस्तुलांनाही कंपेन्सेटर यायला लागलेत. सिग सावरने २०२२ मध्ये पी३६५ एक्समॅक्रो बाजारात आणलं, त्यात तो स्लाइडमध्येच कोरलेला आहे. आपल्याला दिसणाऱ्या निम्म्या रील्स याच पिढीच्या पिस्तुलांच्या. तीही चालतात, पण जोरदार काडतूस घातलं तरच. सरावाचं स्वस्त, मवाळ काडतूस घातलं की फरक पुसट होतो.

गेममध्ये न दिसणारे तोटे

पहिला, पिस्तूल अडकणं. ऑटोमॅटिक पिस्तुलात झटक्याच्याच जोरावर स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि नवी गोळी आत घेते. म्हणजे झटका नुसता त्रास नाही, तो यंत्राचं इंधन आहे. नळीच्या टोकाला वजन टांगलं आणि वायूने ती खाली दाबली की स्लाइडचा वेग मरतो. मग स्प्रिंग बदला, काडतूस बदला, पुन्हा तपासा. स्पर्धेत पिस्तूल अडकलं तर वेळ जातो. स्वसंरक्षणात अडकलं तर काय जातं ते सांगायला नको. ज्याने पिस्तूल जिवाच्या भीतीने घेतलंय त्याने त्याच्या भरवशाशी खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा, आवाज आणि झोत. वायू वर आणि बाजूला फुटतो म्हणजे झाडणाऱ्याच्या कानाशी आणि डोळ्यांसमोर फुटतो. अंधारात डोळ्यापुढे लख्ख उजेड होतो. पिस्तूल छातीजवळ धरून झाडलं तर तापलेला वायू आणि न जळलेली दारू तोंडावर. बंद रेंजमध्ये शेजारच्या नेमबाजाची नाराजी वेगळी.

तिसरा, बसवण्यातली चूक. कंपेन्सेटरचं भोक आणि नळी एका रेषेत नसतील तर गोळी आतून घासते. केसभर घासली तर नेम गेला, जास्त घासली तर कंपेन्सेटरचे तुकडे पुढे उडतात. नळीलाच भोकं पाडली असतील तर वायू गोळी बाहेर पडायच्या आधीच निसटतो आणि गोळीचा वेगही थोडा घटतो.

आणि साफसफाई. काजळी आणि शिसं त्या भोकांत असं बसतं की ते खरवडण्यात सुट्टीचा दिवस जातो.

आता लेथवाल्याचा प्रश्न

काकांचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. कारण आपल्याकडे कुठलीही गोष्ट "करून देतात का" इथे येऊन थांबते. ट्रॅक्टरचा भाग करून देतात, पंपाचा शाफ्ट करून देतात, मग हेही. नळीच्या तोंडाला आटे पाडायचे आणि ठोकळा फिरवून बसवायचा, लेथवर अर्ध्या तासाचं काम.

पण शस्त्र अधिनियम, १९५९ बघा. कलम ५ नुसार बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं, एवढंच काय दुरुस्त करणं, यालाही वेगळा परवाना लागतो. काकांच्या परवान्यावर बंदूक बाळगता येते, लेथवाल्याला तिला हात लावायचा अधिकार त्यातून मिळत नाही. कलम ६ नळी तोकडी करण्याबद्दल आणि एका प्रकारच्या बंदुकीचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमांच्या भंगाला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. काका एकटेच नाही, तो लेथवालाही अडकतो, आणि त्याला बहुतेक वेळा याची कल्पनाही नसते.

अजून एक बारकावा. कायद्यातल्या 'बंदूक' या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा झोत कमी करणाऱ्या जोडवस्तू येतात, आणि बंदुकीचे सुटे भागही. म्हणजे सायलेन्सर हा कायद्याच्या नजरेत स्वतःच बंदूक आहे. कंपेन्सेटरचं नाव घेऊन कायद्यात काही लिहिलेलं नाही. तो आवाज कमी करत नाही, उलट वाढवतो. पण बाजारात एकाच ठोकळ्यात झटका, आवाज आणि झोत सगळं कमी करण्याचा दावा करणाऱ्या वस्तू असतात. अशी वस्तू पार्सलने घरी आली तर ती नेमकी कशात मोडते हे तुम्ही ठरवणार नाही, तपास अधिकारी ठरवेल.

खरोखरच काही बदल करायचा असेल तर विचारायचं ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी. बार्शीटाकळीकरांसाठी ते अकोल्याचे जिल्हाधिकारी. अमरावती शहरात राहत असाल तर तिथे पोलीस आयुक्तालय आहे. आणि काम करायचं ते परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडूनच.

रील बनवणाऱ्यांसाठीही एक ओळ: २०१९ च्याच दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत, आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घालण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलंय. व्हिडिओ पुरावा म्हणून आपणच अपलोड केलेला असतो.

थोडक्यात विचारणाऱ्यांसाठी

मावसभावाने शेवटी विचारलंच, "हो का नाही, तेवढं सांग." .४४ आणि .३५७ मॅग्नम, १० एमएम: हो, फरक जाणवतो. .३८ सुपर आणि जोरदार ९ एमएम, तेही वेगाच्या स्पर्धेत: हो, खेळच त्यावर उभा आहे. साधी ९ एमएम आणि .४०: थोडासा, पण आधी सराव करा. .४५: अपेक्षेपेक्षा कमी. .२२, .३२, .३८०: नाही.

"आणि काकाची?"

काकांनीच उत्तर दिलं. "राहू दे बाबा, हाये तशीच बरी हाये." मग त्यांनी मला विचारलं की तो रिकाम्या बंदुकीचा सराव नेमका कसा करायचा. ते मी सांगितलं नाही, कारण मला स्वतःला तो येत नाही. पुढच्या वेळी अकोल्याला परवान्याच्या नूतनीकरणाला जातील तेव्हा एखाद्या प्रशिक्षकाकडे तासभर जाऊन यायचं त्यांनी कबूल केलंय. मावसभाऊ तोवर पुन्हा गेममध्ये गेला होता. त्याला एम४१६ मिळाली होती आणि तो कंपेन्सेटर शोधत होता.